पडद्यावर न आलेली माणसं

‘दो आँखें बारह हाथ’ची गोष्ट आमच्या शेजारच्या तालुक्यातली आहे. आमचं गाव खानापूर तालुक्यात, त्याच्या पलीकडे आटपाडी. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची वसाहत आहे, तिला तुरुंगाची भिंत नाही, कैदी तिथे शेती करतात, आणि ते पाहूनच ग. दि. माडगूळकरांनी, म्हणजे गदिमांनी, व्ही. शांतारामांसाठी हा चित्रपट लिहिला. एवढं आमच्या भागात कुणीही सांगेल. कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवताना गदिमांची कविता आली की मीही हे मुलांना सांगायचे, आणि मुलांच्या चेहऱ्यावर आपल्या मुलखाचा अभिमान दिसायचा. पण गदिमांनी त्या वसाहतीतून काय उचललं आणि काय मागे ठेवलं, हा प्रश्न मला पडला तो आमच्या वाचनालयात. तो विचारला शाळा दुसरीतच सोडलेल्या एका आजींनी.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर एक लांबट खोली आहे. तिथे आम्ही दर महिन्याला एक जुना चित्रपट दाखवतो. प्रोजेक्टर वाचनालयाचा, स्पीकर एका मंडळाचे, सतरंज्या शेजारच्या देवळातल्या. चित्रपट संपला की चहा, आणि चहानंतर ज्याला जे वाटलं ते त्यानं बोलायचं. सुरुवातीला बोलायचो ते आम्ही शिकलेलेच. दिग्दर्शक कोण, साल कोणतं, कॅमेरा कुठून लावलाय, हे सगळं मीच प्रस्तावनेत सांगून टाकायचे आणि मग खोली गप्प व्हायची. सगळ्यांना वाटायचं की बोलण्यासारखं जे होतं ते बाईंनी बोलून टाकलं.

ती शांतता पहिल्यांदा मोडली ‘संत तुकाराम’नं. प्रभातचा 1936 चा चित्रपट, दामले-फत्तेलाल यांचा. व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला होता, हे मी सांगून ठेवलं होतं. त्याचं कुणाला काही वाटलं नाही. बायकांना जे वाटलं ते जिजाईबद्दल. पोर तापानं फणफणलंय, नवरा भजनात, आणि ही बाई पायातली वहाण हातात घेऊन थेट विठोबाच्या देवळात शिरते. तो प्रसंग आला आणि मागच्या सतरंजीवरून कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, “हाण!” चहानंतर तासभर जिजाईवरच बोलणं चाललं. एकीनं सांगितलं की तिची सासू अशीच देवाशी भांडायची. दुसरी म्हणाली, तुकोबा वैकुंठाला गेला, पण घरातली चूल कुणी पेटवली ते बघा.

या चित्रपटाची पटकथा शिवराम वाशीकरांची. त्यात बीजावर आणि वृक्षावर एक अभंग आहे, तो पिढ्यान् पिढ्या लोक तुकारामांचाच समजत आले. तो लिहिलाय शांताराम आठवल्यांनी, चित्रपटासाठी. हे मी सांगितलं तेव्हा आमच्यातले एक वारकरी आजोबा काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “असू द्या की. ज्यानं लिहिला त्येनं आपलं नाव टाकलं न्हाई, ह्येच तुकोबाला आवडलं असतं.” गोष्ट सांगणाऱ्या माणसाचं आयुष्य काय असतं, यावर मी पुष्कळ वाचलंय. पण त्या दिवशी घरी गेल्यावर मी आठवल्यांचाच विचार करत राहिले. आपण लिहिलेलं दुसऱ्याच्या, तेही तुकोबांच्या, नावावर खपतंय हे ऐकताना त्या माणसाला काय वाटत असेल? अभिमान आणि एकटेपणा दोन्ही असणार, असं मला वाटतं.

त्यानंतर माझी प्रस्तावना छोटी होत गेली.

‘दो आँखें बारह हाथ’ लावला तेव्हा खोली भरून लोक जिन्यापर्यंत आले होते. आपल्या मुलखाची गोष्ट म्हणून आटपाडीकडच्या सोयऱ्यांनाही निरोप गेले होते. चित्रपट 1957 चा, कृष्णधवल. तुरुंगाधिकारी आदिनाथच्या भूमिकेत स्वतः शांताराम, खेळणी विकणारी चंपा म्हणजे संध्या, संगीत वसंत देसाईंचं. खून केलेले सहा कैदी आदिनाथ एका उजाड माळावर आणतो. बेड्या नाहीत, पहारा नाही. त्यांच्याकडून जमीन कसून घ्यायची, माणसं घडवायची. पळून जायची संधी त्यांना पुन्हा पुन्हा मिळते, आणि पुन्हा पुन्हा आदिनाथचे दोन डोळे त्यांना अडवतात. मळा पिकतो. भाजी बाजारात रास्त भावानं आणि खऱ्या मापानं विकली जाते, व्यापाऱ्यांना ते खुपतं, आणि शेवटी पिकात घुसवलेल्या बैलांशी झुंजताना आदिनाथ मरतो. बर्लिनच्या महोत्सवात 1958 मध्ये त्याला रौप्य अस्वल मिळालं, देशात राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. बैलाबरोबरच्या त्या झुंजीच्या चित्रीकरणात शांतारामांच्या डोळ्याला खरोखरच इजा झाली होती. त्या वेळी ते पन्नाशी ओलांडलेले होते. हे सांगितल्यावर तो प्रसंग बघताना पोरं श्वास रोखून बसली.

दिवे लागले. काही जणांचे डोळे ओले होते. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी फार चांगलं विवेचन केलं: गांधीजींचा काळ, हृदयपरिवर्तन, डोळे म्हणजे सदसद्विवेक. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग भिंतीला टेकून बसलेल्या एका आजी म्हणाल्या, “बाई, ह्या सहा जणांस्नी बायका न्हाईत व्हय?”

काही जण हसले. आजी हसल्या नाहीत. त्यांचं माहेर आटपाडीकडचं. त्या म्हणाल्या, “तितं तर बायकापोरं व्हती. आमी ल्हान व्हतो. बाजाराच्या दिशी त्या बायका भाजी घिऊन यायच्या, आमच्या आईच्या शेजारी बसायच्या. आई त्यांच्या पोराला मांडीवर घ्यायची. ‘कुणाची गं?’ म्हनून कुनी इचारलं तर आई सांगायची, ‘स्वतंत्रपूरची.’ कैद्याची असं न्हाई म्हनायची.”

खोलीत पहिल्यांदाच असं झालं की कुणाला उत्तर सुचेना. आजी म्हणत होत्या ते खरं होतं, आणि ते आम्हाला ठाऊकही होतं. स्वतंत्रपूर वसलं 1939 मध्ये, औंध संस्थानात. तिथल्या कैद्यांना कुटुंब घेऊन राहता यायचं, हा त्या प्रयोगाचा गाभाच होता. आम्ही तो कधी चित्रपटाशेजारी ठेवून पाहिला नव्हता, इतकंच.

औंधबद्दल इथे थोडं सांगितलं पाहिजे, कारण हा सगळा प्रकार त्या लहानशा संस्थानाशिवाय घडला नसता. राजे भवानराव, म्हणजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी, सूर्यनमस्काराचे पुरस्कर्ते, स्वतः चित्रकार, स्वतः कीर्तन करणारे. त्यांनी गांधीजींच्या सल्ल्यानं आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपवायचं ठरवलं. या कामात त्यांच्या मदतीला होते मॉरिस फ्रीडमन. वॉर्साला जन्मलेले पोलिश ज्यू इंजिनिअर, नोकरीसाठी बंगळूरला आले, गांधीजींकडे ओढले गेले आणि भारतानंद या नावानं इथलेच होऊन राहिले. कैद्यांना भिंतीबाहेर आणायची कल्पना यांची. आयुष्याच्या उत्तरार्धात हेच फ्रीडमन मुंबईत निसर्गदत्त महाराजांपाशी बसत, आणि महाराजांची मराठी संभाषणं इंग्रजीत नेणारं 1973 चं पुस्तक त्यांच्याच हातून झालं. एवढा विलक्षण माणूस! कुणाही चित्रपट लेखकाला मोह पडावा असा. गदिमांनी त्याला चित्रपटात घेतलं नाही. राजाला घेतलं नाही. संस्थान घेतलं नाही. आणि बायकाही घेतल्या नाहीत. स्वतंत्रपूरचं आझादनगर झालं आणि तिथे फक्त सहा गडी आणि एक आदिनाथ उरला.

“का?” हा प्रश्न त्या रात्री आम्ही चघळत बसलो. चहा दुसऱ्यांदा करावा लागला.

मुख्याध्यापकांचं म्हणणं, चित्रपट दोन-अडीच तासांचा, सहा कैद्यांच्या सहा बायका आणल्या तर गर्दी होईल. हे खरं आहे, पण पुरेसं नाही. कारण चित्रपटात लेकरं येतात, अंगाई येते, चंपा येते. बाईची जागा कथेत आहे. फक्त कैदी आणि त्याची बायको एका चुलीपाशी बसलेली दिसत नाहीत. आमच्याकडे येणारा एक मुलगा आहे, मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात काम करतो, एरवी फारसा बोलत नाही. तो म्हणाला, “बायको-पोरं असती तर ते पळालेच नसते. मग डोळ्यांची गरज काय होती?”

मला वाटतं, त्या एका वाक्यात आमची चर्चा पुष्कळ पुढे गेली. एकच प्रश्न आहे: ज्याला बांधून ठेवलेलं नाही तो माणूस का थांबतो? स्वतंत्रपूर म्हणतं, घर आहे म्हणून थांबतो. चूल आहे, पोर आहे, पेरलेलं उगवायचं आहे. चित्रपट म्हणतो, कुणीतरी आपल्यावर विश्वास टाकलाय आणि तो आपल्याकडे बघतोय म्हणून थांबतो. दोन्ही उत्तरं खरी आहेत. पण पडद्यावर दोन्ही एकदम ठेवली असती तर एकानं दुसऱ्याला खाऊन टाकलं असतं. गदिमांना स्वतंत्रपुराची गोष्ट लांबून ऐकून ठाऊक नव्हती; आटपाडीचा परिसर त्यांचा स्वतःचा. तिथे बायकापोरं असतात हे त्यांना माहीत नसेल, हे मला अशक्य वाटतं. त्यांनी ती जाणूनबुजून बाजूला ठेवली असणार, आणि तसं करताना त्यांच्यातल्या माणदेशी माणसाला काहीतरी तुटल्यासारखं वाटलं असणार. हा माझा तर्क आहे, पुरावा नाही. पण कथा लिहिणाऱ्याचं खरं कष्टाचं काम हेच, याबद्दल मला आता शंका नाही. जे डोळ्यांनी पाहिलंय, ज्यावर आपली माया आहे, तेच काढून टाकायचं, आणि कुणी कधी विचारणारही नाही हे माहीत असताना काढून टाकायचं. विचारायला आजींना इतकी वर्षं लागली.

गदिमांकडे मी तोवर कवी म्हणूनच पाहत होते. ‘गीतरामायण’, 1955 साली पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेलं, छप्पन्न गाणी, सुधीर फडके. परीक्षेला येतं ते हेच. पण या माणसानं दीडशेहून अधिक मराठी चित्रपटांना हात लावलाय. कथा, पटकथा, संवाद, गाणी, आणि वेळ पडली तर तोंडाला रंग लावून अभिनयही. 1919 साली शेटफळ्याला आजोळी जन्म, घरची ओढगस्त, पोटासाठी कोल्हापूर, तिथे वि. स. खांडेकरांचे लेखनिक म्हणून काम, मास्टर विनायकांच्या कंपनीत उमेदवारी. 1947 चा ‘लोकशाहीर रामजोशी’ आला आणि लोकांना नाव कळलं. मग राजा परांजपे आणि सुधीर फडके यांच्याबरोबरचे ‘पुढचं पाऊल’, ‘लाखाची गोष्ट’, ‘ऊन पाऊस’, ‘जगाच्या पाठीवर’. ‘ऊन पाऊस’ 1954 चा आहे, म्हाताऱ्या आईवडिलांना मुलं वाटून घेतात त्याची गोष्ट. आमच्या खोलीत तो दाखवला तेव्हा चर्चा झालीच नाही. लोक उठून घरी गेले. दुसऱ्या दिवशी एकानं मला रस्त्यात थांबवून सांगितलं की रात्री पुण्याला भावाला फोन केला, आईबद्दल बोललो.

कविता एकट्यानं लिहिता येते. चित्रपटाची कथा एकट्याची राहत नाही, हे मला गदिमांच्या निमित्तानं नीट समजलं. ती आधी निर्मात्यापुढे बसून तोंडानं सांगावी लागते, त्याच्या चेहऱ्यावरची रेघ बघत वळवावी लागते, मग दिग्दर्शक तिला आपली म्हणतो, मग नट आपली म्हणतात, आणि पोस्टरवर लेखकाचं नाव शोधावं लागतं. आमच्या चर्चेतही ‘दो आँखें’ हा शांतारामांचाच चित्रपट होता, आणि ते चुकीचंही नाही. पण ‘नवरंग’ बघताना मला गदिमा जास्त दिसले. तो 1959 चा, त्याच जोडीचा, ‘दो आँखें’च्या पाठोपाठ आलेला. डोळ्यांवर पट्ट्या बांधलेल्या काळात आपल्याला रंग दिसू लागले, असं शांताराम त्याच्या सुरुवातीला सांगतात. त्यात एक कवी आहे, घरातल्या बायकोत त्याला काव्यातली मोहिनी दिसते आणि बायकोला ती सवत वाटते. हे लिहिणारा स्वतः घरसंसार असलेला, दिवसरात्र शब्दांवर पोट भरणारा कवी होता. बायकोच्या बाजूचे संवाद मला जास्त खरे वाटतात.

त्या चर्चेनंतर आम्ही काही जण एसटीनं आटपाडीला गेलो. वाटेवरचा मुलूख आता पूर्वीचा राहिलेला नाही. टेंभू योजनेचं पाणी आलंय, डाळिंबाच्या बागा दिसतात, मध्येच जुना माळ डोकं वर काढतो, नुसती कुसळं आणि दगड. स्वतंत्रपूर आजही कैद्यांची वसाहत आहे, बघायला जायचं ठिकाण नव्हे, म्हणून आत जायचं नाही हे आधीच ठरवलं होतं. तिथे राहणाऱ्या माणसांनी आमच्या कुतूहलासाठी मान खाली का घालावी? बाहेरूनच पुढे गेलो. आजीही आमच्याबरोबर आल्या होत्या. त्यांनी फक्त आटपाडीतली बाजाराची जागा दाखवली, आई कुठे बसायची आणि त्या बायका कुठे.

तिथून शेटफळे आणि माडगुळे. माडगुळ्यात ‘बामणाचा पत्रा’ म्हणून माडगूळकरांच्या शेतातली जागा आहे. पुण्या-मुंबईची धावपळ सोडून गदिमा इथे लिहायला येत. पुण्यात ‘पंचवटी’ होती, माणसांचा राबता होता, निर्माते दाराशी होते, आणि तरीही त्यांना इथे यावं लागत होतं. मुख्याध्यापक म्हणाले, शांतता हवी असणार. मला वाटलं, शांतता पुण्यातही कुठेतरी मिळाली असती. त्यांना बहुधा भाषा हवी असावी, बांधावरून जाणाऱ्या माणसाचं एखादं वाक्य.

याच गावाचा दुसरा मुलगा व्यंकटेश. गदिमा म्हणजे अण्णा थोरले, व्यंकटेश म्हणजे तात्या धाकटे. तात्यांनी शाळा अर्धी सोडली, बेचाळीसच्या चळवळीत भूमिगत झाले, चित्रं काढली, शिकारी केल्या, आणि ‘माणदेशी माणसं’ लिहून मराठी कथेची चाल बदलून टाकली. चित्रपट त्यांनीही लिहिले. ‘सांगत्ये ऐका’ची पटकथा आणि संवाद त्यांचे. अनंत माने यांचा 1959 चा हा चित्रपट पुण्याच्या विजयानंदमध्ये 131 आठवडे चालला. गाणी अण्णांची. दोघा भावांनी एकाच तमाशापटाला आपापला हिस्सा दिला, आणि तरी दोघांचा स्वभाव किती वेगळा! अण्णा भरतात, तात्या उपसतात. अण्णांच्या गोष्टीत माणूस शेवटी मोठा होतो. तात्यांच्या गोष्टीत तो आहे तेवढाच राहतो, आणि तेवढाच पुरतो. मला कोण जास्त आवडतं असं कुणी विचारलं तर मी तात्या म्हणेन. पण ‘ऊन पाऊस’नं जे केलं ते तात्यांच्या लेखणीला जमलं नसतं, हेही लगेच सांगेन.

‘बनगरवाडी’ दाखवायची तर धनगर मंडळी हवीतच, असं आमच्या मोबाईलवाल्या मुलानं ठरवलं आणि तो वाड्यावस्त्यांवर जाऊन सांगून आला. कादंबरी 1955 ची, औंध संस्थानातल्या एका मेंढपाळांच्या वाडीवर आलेल्या पोरसवदा मास्तराची. तात्यांनी तशी मास्तरकी स्वतः केली होती. अमोल पालेकरांनी त्यावर चित्रपट केला 1995 मध्ये, पटकथा तात्यांनीच लिहिली. चाळीस वर्षांपूर्वीच्या आपल्याच कादंबरीवर पुन्हा बसून, यातलं काय ठेवू आणि काय काढू, हे ठरवताना म्हाताऱ्या लेखकाच्या मनात काय चाललं असेल, याचा विचार करत मी तो चित्रपट पाहिला. शेकूबाची बायको बैलाच्या जोडीनं औताला लागते तिथे मागे बसलेल्या बायकांतून एक उसासा आला. मास्तर पोरांना गोळा करून तालीम बांधतो, राजा येतो, वाडी सजते. इथे राजा आहे! अण्णांनी गाळलेला औंधचा राजा तात्यांनी जसाच्या तसा वाडीवर आणून उभा केला. आणि मग दुष्काळ. माणसं मेंढरं घेऊन निघून जातात, वाडी ओस पडते, मास्तरही निघतो.

चहा झाला. एक धनगर आजोबा, फेटा मांडीवर ठेवून बसलेले. मी विचारलं, कसा वाटला? ते म्हणाले, “चांगला हाय. मेंढरं चांगली हाईत. खरं एक सांगू का बाई? वाडी रिकामी झाली म्हनून समदी माणसं रडाय लागली. त्यात रडायचं काय हाय? दुष्काळात आमी मेंढरं घिऊन खाली उतरताव, पाऊस पडला की माघारी येताव. ही काय पैल्यांदा झालेली गोष्ट न्हाई. मास्तर गेला म्हनून गोष्ट संपली. वाडी कुटं संपली?”

मी कितीतरी वर्षं ‘बनगरवाडी’ शिकवत आले. शेवट उदास आहे, गावाचं विघटन आहे, असं उत्तरपत्रिकेत लिहिणाऱ्याला मी गुण दिले. आजोबांचं बोलणं ऐकल्यावर मी पुस्तक पुन्हा काढलं. कथा मास्तर सांगतोय. त्याला जिथवर दिसलं तिथवर ती जाते. वाडी परत भरली असेल, नसेल, मास्तर तिथे नव्हता. तात्यांनी न पाहिलेलं लिहिलं नाही. मला आता तो शेवट उदास वाटण्यापेक्षा प्रामाणिक वाटतो. आणि त्याच वेळी हेही दिसतं की वाडीतल्या कुणी ती गोष्ट सांगितली असती तर ती पाऊस पडल्यावर संपली असती, किंवा संपलीच नसती.

आमच्या मंडळींत एक काका आहेत. तरुणपणी त्यांनी शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर या तिघांचं कथाकथन एकाच मंचावर ऐकलंय. ‘पिंजरा’ पाहिला त्या दिवशी, शंकर पाटलांच्या संवादांवर बोलणं निघालं तेव्हा, काका म्हणाले की मंचावर पाटील एखादं वाक्य टाकून थांबायचे, समोरच्यांचे चेहरे वाचायचे आणि मग पुढचं वाक्य. चित्रपटात त्यांना तो थांबा स्वतः घेता येत नाही. तो डॉ. लागूंनी घेतला, निळू फुल्यांनी घेतला. काकांच्या मते पाटलांचे चित्रपटातले संवाद म्हणूनच इतके नेमके आहेत, कारण थांबा कुठे घ्यायचा ते त्यांनी शब्दांतच बांधून दिलंय. मला हे पटलं. त्यानंतर आम्ही ‘पिंजरा’तले काही प्रसंग परत लावून नुसते कानांनी ऐकले, पडद्याकडे न बघता.

सध्या आमच्या खोलीत एका नव्या गोष्टीवर वाद चाललाय. मोबाईलवाला मुलगा एक लघुपट लिहितोय. विषय आजींचाच: बाजाराला येणाऱ्या त्या स्वतंत्रपूरच्या बायका. आजींकडून त्यानं जे जे मिळालं ते सगळं रेकॉर्ड करून घेतलंय. नवऱ्यानं खून केलाय हे माहीत असताना त्याच्याबरोबर त्या माळावर राहायला आलेली बाई. ती का आली? सासरी ठेवून घेईनात म्हणून की स्वतःच्या मनानं? पोराला शाळेत नाव घालताना काय सांगितलं? आजींना यातलं थोडंच माहीत आहे. उरलेलं मुलाला रचावं लागणार आहे, आणि रचायला तो घाबरतो. खऱ्या माणसांबद्दल खोटं सांगितल्यासारखं होईल, म्हणतो.

पहिला मसुदा त्यानं वाचून दाखवला. पहिल्याच प्रसंगात तुरुंगाधिकारी होता, पायात बूट, आणि लांबून येणारी बैलगाडी. मुख्याध्यापकांना ते फार आवडलं. मी म्हटलं, हा अधिकारी काढून टाक, तो ‘दो आँखें’तून आलाय. मुलगा ऐकेना. अधिकारी नसेल तर कैद आहे हे प्रेक्षकाला कळणार कसं, हा त्याचा मुद्दा, आणि तो खोडून काढणं मला जमलं नाही. काका म्हणाले, अधिकारी ठेव पण दाखवू नको, आवाज ठेव. कुणी म्हणालं, राजा घे. कुणी म्हणालं, फ्रीडमन घे, इतका मोठा माणूस कधी पडद्यावर आलाच नाही. मुलगा वहीत सगळं लिहून घेत होता आणि त्याचा चेहरा उतरत चालला होता.

आजींनी सगळं ऐकून घेतलं. मग त्याला म्हणाल्या, “पोरा, तू त्या नवऱ्याला आन त्या बाईला घरात बसवून बोलाय लावलंयस. घरात कोन बोलतंय? बाजार घे की. भाजी ईकताना बायका बोलत्यात. आमच्या आईनं त्या बाईला पैल्यांदा काय इचारलं असंल? ‘वांगी कशी दिली?’ असंच इचारलं असंल. तितनं सुरू कर.”

त्यानं पान उलटलं आणि नवीन पानावर बाजार असं लिहिलं. अधिकारी राहणार की जाणार ते अजून ठरलेलं नाही. येत्या बाजाराच्या दिवशी तो आजींना घेऊन आटपाडीला निघालाय, भाव कसे पुकारतात आणि बायका कोणत्या रांगेत बसतात ते बघायला. काकांनी गाडी द्यायचं कबूल केलंय. मी कॉलेजात रजेचा अर्ज टाकला आहे.